श्रीमतीची आठवण

अक्षय तृतीयेला आमच्या आळंदच्या घरी सकाळीच उसाचा रस यायचा. वैशाखातलं ऊन तोवर अंगणातल्या शहाबादी फरशीवर पाय ठेवू देत नसे. मंदिरात पूजा झाली की आजी रसाची कळशी घेऊन ओट्यावर बसायची, वाटीवाटीनं सगळ्यांना रस द्यायची आणि देता देता गोष्ट सांगायची. आदिनाथ भगवान दीक्षा घेऊन सहा महिने ध्यानात उभे राहिले. मग आहारासाठी निघाले, तर त्यांना काय द्यायचं तेच लोकांना कळेना. मुनीला आहार द्यायची रीतच तोवर कुणाला माहीत नव्हती. आपला राजा आला म्हणून कुणी हत्ती पुढं केला, कुणी रत्नं, कुणी आपली लेक. भगवान काही न बोलता पुढं जात. असं करत वरीस सरलं. शेवटी ते हस्तिनापुरात आले. तिथं श्रेयांस राजानं त्यांना पाहिलं, आणि काय करायचं ते त्याला बरोबर ठाऊक होतं. त्यानं त्यांच्या ओंजळीत उसाचा रस घातला.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. मी विचारलं, "त्याला एकट्यालाच कसं काय ठाऊक?"

"त्याला आठवलं की."

"काय आठवलं?"

"मागच्या एका जन्मात त्यानं मुनीला आहार दिला व्हता. तवा तो श्रीमती व्हता."

"श्रीमती म्हंजे बाई?"

"व्हय. राणी. पी तो रस, गरम व्हईल."

राजा आधी बाई होता, हे मला त्या दिवशी कळलं आणि नंतर कितीतरी दिवस मी येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषांकडे निरखून पाहत होते. आमच्या शाळेचे गुरुजी आधी कोण असतील? गिरणीवाले अण्णा? आजीला मात्र त्यात नवल वाटत नव्हतं. श्रीमतीबद्दल ती शेजारच्या बाईबद्दल बोलावं तशी बोलायची.

हे सगळं मागच्या वर्षी पुन्हा वर आलं ते माझ्या भाचीमुळे. ती पुण्याला असते, संगणकाच्या कंपनीत काम करते. सुट्टीत आली तेव्हा तिच्या बॅगेत 'ट्वायलाइट'चे चारही जाड भाग होते. रक्त पिणारा पण सज्जन तरुण, त्याच्यावर जीव लावणारी साधी मुलगी, आणि दोघांमध्ये मरण आणि अमरपण. स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेचे ते भाग २००५ ते २००८ या काळात प्रसिद्ध झाले. भाची म्हणाली, "मावशी, गोष्ट मला पाठ आहे गं. पण त्या माणसांना सोडवत नाही म्हणून परत वाचते." मी हसले नाही. कारण तिचं वय असताना मीही असंच एका जोडप्याला धरून बसले होते. फरक एवढाच की माझ्या जोडप्याला अकराशे वर्षं झाली होती, आणि ते ज्या राजाच्या काळात लिहिलं गेलं त्याची राजधानी आमच्याच जिल्ह्यात होती.

ती राजधानी म्हणजे मलखेड, जुनं मान्यखेट. कलबुर्गीहून सेडमच्या रस्त्यानं निघालं की साधारण चाळीस किलोमीटरवर कागिणा नदीकाठी हे गाव लागतं. तुरीची शेतं, आसपास सिमेंटचे कारखाने, पडक्या किल्ल्याच्या भिंती. जयतीर्थांच्या वृंदावनासाठी माध्व लोक इथं येतात, आणि नेमिनाथ बसदीसाठी आम्ही. बसदी बाहेरून साधी आहे, पण आतले खांब जुने, आणि तिथं पंचधातूचा एक लहानसा मंदिराकार आहे, ज्यावर बारीक बारीक जिनमूर्ती दाटीनं बसवल्या आहेत. कारंज्याचे भट्टारक आपल्या बिरुदांत मलखेडच्या सिंहासनाचं नाव सांगत, आणि लातूरची गादी त्याच कारंजा शाखेतून निघाली. विद्याधर जोहरापूरकरांनी 'भट्टारक संप्रदाय' या १९५८च्या ग्रंथात हे धागे मांडून दाखवले आहेत. त्यामुळे भालकी-उदगीर-लातूर या पट्ट्यातल्या आमच्यासारख्या मराठी बोलणाऱ्या जैन घरांचं मलखेडशी नातं तसं दूरचं नाही. १९५६ला बीदर जिल्हा तुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर महाराष्ट्रात गेले आणि भालकी, बसवकल्याण, औराद कर्नाटकात राहिले. आजीचं माहेर भालकीकडचं. तिच्या भावकीची निम्मी घरं एका राज्यात नि निम्मी दुसऱ्यात झाली. गोष्टी तेवढ्या दोन्हीकडे राहिल्या.

नवव्या शतकात मान्यखेटला राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष राज्य करत होता. इ. स. ८१४ ते ८७८, म्हणजे चौसष्ट वर्षं. त्याच्या नावाशी जोडलेला 'कविराजमार्ग' हा कन्नडमधला उपलब्ध सर्वांत जुना ग्रंथ. हाच राजा जिनसेनाचार्यांना गुरू मानत होता, असं त्यांचे शिष्य गुणभद्र यांनी लिहून ठेवलं आहे. जिनसेन हे काही फक्त शास्त्रात बुडालेले मुनी नव्हते. गुरू वीरसेनांची अपुरी राहिलेली 'जयधवला' ही प्रचंड टीका त्यांनी शके ७५९ म्हणजे ८३७ला पुरी केली. पण त्याच माणसानं 'पार्श्वाभ्युदय' लिहिलं, ज्यात कालिदासाच्या मेघदूताची प्रत्येक ओळ आपल्या श्लोकांत गुंफून पार्श्वनाथांची कथा सांगितली. प्रेमकाव्य ज्याला ओळन् ओळ पाठ आहे, अशा मुनींनी पुढं 'आदिपुराण' लिहायला घेतलं. ते पुरं होण्याआधी त्यांचं निधन झालं. बेचाळीस पर्वं आणि त्रेचाळिसाव्याचे थोडे श्लोक त्यांचे, बाकीचं गुणभद्रांचं. पहिल्या तीर्थंकराचं चरित्र म्हटल्यावर आपण जन्म, दीक्षा, केवलज्ञान, मोक्ष अशी अपेक्षा करतो. जिनसेन आपल्याला आधी दहा जन्मांची मालिका सांगतात, आणि त्या मालिकेच्या मध्यावर एक प्रेमकथा आहे.

ती कथा मी आजीकडून ऐकली आणि पुढं पन्नालाल जैन यांच्या हिंदी अनुवादासह ज्ञानपीठानं छापलेल्या प्रतीत वाचली. आता जमेल तशी सांगते.

एका खेड्यात गरीब घरची एक मुलगी होती, निर्नामिका. म्हणजे जिला नाव नाही अशी. श्वेतांबर परंपरेत हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात हीच कथा सांगताना तिच्या नावाचं कारण दिलं आहे. आधीच्या सहा मुली, ही सातवी. बाप घर सोडून गेला आणि आईनं वैतागून नावच ठेवलं नाही, म्हणून लोक तिला निर्नामिका म्हणू लागले. आपल्याकडच्या बायांना हे समजावून सांगायची गरज नाही. नकोशी, नकुसा अशी नावं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. २०११ला सातारा जिल्ह्यात अशा शेकडो मुलींची नावं समारंभ करून बदलावी लागली. तर ही निर्नामिका डोंगरावर लाकडं आणायला गेली. तिथं मुनी होते. तिनं त्यांना विचारलं, माझ्याच वाट्याला हे का? मुनींनी तिला व्रतं दिली. तिनं ती पाळली, आणि मेल्यावर ती स्वर्गात देवी झाली. तिथं तिला नाव मिळालं, स्वयंप्रभा.

तिचा देव होता ललितांग. देवाचं आयुष्य फार मोठं, देवींचं त्या मानानं थोडं. ललितांगाच्या पुष्कळ देवी झाल्या आणि गेल्या. स्वयंप्रभा आली ती त्याच्या आयुष्याच्या शेवटाला. तिच्यावर त्याचा असा जीव जडला की बाकी स्वर्ग त्याला दिसेना. आणि मग त्याच्या गळ्यातली माळ सुकू लागली. स्वर्गात माळ सुकणं म्हणजे सहा महिन्यांनी मरण. अमर म्हणवणाऱ्या देवाला पहिल्यांदा मरणाची भीती वाटली. सोबतच्या देवांनी समजावल्यावर तो सावरला आणि जिनबिंबांची पूजा करत त्यानं देह ठेवला. मागं राहिलेली स्वयंप्रभा झुरत झुरत, पूजा करत काही महिन्यांनी गेली.

पुढच्या जन्मी ती पुंडरीकिणी नगरीत वज्रदंत चक्रवर्तीची मुलगी झाली. हीच श्रीमती. एका पहाटे गच्चीवर झोपली असताना आकाशातून देवांचा घोळका चालला होता. त्या गलबल्यानं ती जागी झाली, देव पाहिले, आणि तिला सगळं आठवलं. ती बेशुद्ध पडली. शुद्धीवर आली ती मुकीच. कुणाशी बोलेना. तिच्या दाईचं नाव पंडिता. पंडितेनं एकांतात गोंजारून विचारलं तेव्हा ती बोलली. पण तो आता कुठं जन्मला आहे, हे तिला कुठं माहीत? मग श्रीमतीनं एका कापडावर आपल्या मागच्या जन्माचं चित्र काढलं. काही जागा अशा काढल्या की ज्याला खरं आठवतं त्यालाच त्या उलगडाव्यात. पंडिता तो पट घेऊन मोठ्या जिनालयात गेली आणि चित्रशाळेत तो मांडून बसली. येणारा-जाणारा पाहत होता. दोघं लबाड आले. एकजण म्हणाला, हा ललितांग मीच. पंडितेनं त्यांना चित्रातल्या गूढ जागा विचारल्या. दोघंही मान खाली घालून गेले. मग वज्रजंघ आला. त्यानं पाहिलं आणि त्याला विचारावं लागलं नाही.

इथं आजी थांबायची आणि म्हणायची, "आणि तो कोण, तर तिचाच आतेभाव!" वज्रजंघ हा चक्रवर्तीच्या बहिणीचा मुलगा. दोन जन्म आणि एक स्वर्ग ओलांडून शोध घेतला, आणि निघाला घरचाच. मामाची मुलगी करायची आमच्याकडे रीतच आहे, त्यामुळे ऐकणाऱ्या बाया इथं हमखास हसायच्या. लग्न थाटात झालं.

यानंतरचा भाग आजी हळू आवाजात सांगायची. एकदा दोघं सैन्यासह प्रवासात एका तळ्याकाठी उतरले होते. तिथं दोन मुनी आहारासाठी आले. दोघांनी मिळून त्यांना आहार दिला. मुनी परत फिरल्यावर सेवकानं सांगितलं, महाराज, हे तुमचेच धाकटे पुत्र. आहार देताना आईनं लेकांना ओळखलं नव्हतं. जवळच एक वाघ, एक रानडुक्कर, एक माकड आणि एक मुंगूस हे सगळं शांतपणे पाहत होते. पाहूनच त्यांना पुण्य लागलं. आणि मग शेवट. एका रात्री राजा-राणी महालात झोपले होते. खोलीत अगरूचा धूप जळत होता आणि नोकर खिडक्या उघडायला विसरले. धुरानं दोघं एकमेकांच्या मिठीत गुदमरून गेले.

लहानपणी ही जागा आली की मी रडायचे. चक्रवर्तीची लेक, स्वर्गातली देवी, आणि मरण आलं ते खिडकी उघडायची राहिली म्हणून.

मी आता विचार करते, ही माणसं मनात का राहतात? जिनसेनांनी रूपाची वर्णनं भरपूर केली आहेत. पण त्यातलं एकही वर्णन मला आठवत नाही, आणि आजी तर ती सांगतच नव्हती. आठवतं ते प्रत्येकानं केलेलं एखादं काम. निर्नामिका लाकडं गोळा करते आणि प्रश्न विचारते. श्रीमती गप्प होते आणि चित्र काढते. पंडिता देवळात पट मांडून बसते आणि लबाडांना दोन प्रश्नांत पळवते. मला तर पंडिता श्रीमतीइतकीच आवडते. तिला ना पूर्वजन्म आठवतो, ना कुणी प्रियकर. तिला फक्त आपल्या पोरीचं भलं करायचं आहे. प्रत्येक गावात अशी एक बाई असते आणि लग्नं तिच्यामुळेच जुळतात.

जन्मोजन्मीच्या प्रेमाच्या कथा जिनसेनांच्या आधीपासून होत्या. सातव्या शतकात बाणभट्टानं अशीच जन्म ओलांडणारी प्रेमकथा लिहिली, 'कादंबरी'. ती एवढी रुजली की मराठीनं पुढं त्या नायिकेचं नाव त्या साहित्यप्रकारालाच देऊन टाकलं. मान्यखेटच्या दरबारातले लोक कालिदास-बाण ऐकून तयार झालेले होते. व्रतं आणि कर्मसिद्धांत नुसते सांगितले असते तर ते बसले नसते. जिनसेनांना हे पक्कं माहीत होतं. आणि ही युक्ती अजून चालते. १९५८च्या 'मधुमती'त दिलीपकुमार एका पडक्या हवेलीत शिरतो आणि भिंतीवरच्या चित्रावरून त्याला मागचा जन्म आठवतो. तो सिनेमा आजीनं सोलापूरला पाहिला होता. बाहेर येऊन म्हणाली म्हणे, "हे तर आमच्या पुराणातलंच हाय."

पण मधुमतीत, आणि भाचीच्या त्या चार भागांतही, सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी असते. ते दोघं त्याच रूपात, त्याच नात्यानं, पुन्हा एकत्र यावेत. 'ट्वायलाइट'ची लेखिका मॉर्मन पंथाची आहे आणि त्या पंथात लग्न मरणानंतरही अनंतकाळ टिकतं असं मानतात, हे वाचल्यावर मला त्या गोष्टीचा शेवट जास्त समजला. जिनसेन तिथं थांबत नाहीत. धुरात गेलेले ते दोघं भोगभूमीत पुन्हा जोडपं म्हणून जन्मले. तिथं एक मुनी आकाशमार्गानं आले आणि त्यांना सम्यक्त्वाचा उपदेश केला. हे मुनी कोण, तर आधीच्या एका जन्मातला त्याचा प्रधान स्वयंबुद्ध. मित्राला शोधत तोही जन्म ओलांडून आला होता. त्यानंतर श्रीमतीचा जीव स्त्री होत नाही. दोघं स्वर्गात सोबती देव होतात. मग तो सुविधी राजा होतो आणि ती त्याचा मुलगा, केशव. सुविधीला दीक्षा घ्यायची असते, पण केशवावरच्या मायेपायी त्याचा पाय घरातून निघत नाही. बायकोवरचं प्रेम आता लेकरावर आलं आहे आणि त्याला नाव काय द्यावं ते दोघांनाही माहीत नाही. असं होत होत शेवटच्या जन्मी एक ऋषभदेव आणि दुसरा हस्तिनापूरचा श्रेयांस. वर्षभर उपाशी असलेले मुनी समोर येतात, श्रेयांसाला तळ्याकाठचा तो आहार आठवतो, आणि तो रसाचा घडा उचलतो. एके काळची बायको नवऱ्याच्या ओंजळीत रस घालते आहे, हे तिथं उभ्या असलेल्या कुणालाच दिसत नाही.

आणि आता माझी अडचण. सम्यक्त्व झालेला जीव पुन्हा स्त्रीच्या जन्मात जात नाही, असं आमचं दिगंबर शास्त्र सांगतं. स्त्रीच्या देहातून मोक्ष नाही, असंही सांगतं. म्हणजे निर्नामिकेनं नाव मिळवलं, श्रीमतीनं चित्र काढलं, आहार दिला, पण पुढं जायचं तर आधी तिला पुरुष व्हावं लागलं. लहानपणी ज्याची गंमत वाटली होती, तेच कॉलेजात असताना मला टोचू लागलं. आमच्या घरात बायका सहज म्हणायच्या, "पुढल्या जन्मी बाईचा जन्म नको." चुलीपुढं बसून, पाठ शेकत, कुणालाही दोष न देता म्हणायच्या. मला वाटायचं, हे यांच्या मनात पुराणानंच भरवलं.

पुढं वाचत गेले तेव्हा कळलं की हा प्रश्न पहिल्यांदा मला पडलेला नाही. तो याच राज्यात, याच राजाच्या काळात विचारला गेला होता. तेव्हा कर्नाटकात दिगंबर आणि श्वेतांबर यांच्याखेरीज यापनीय नावाचा तिसरा जैन संघ होता. त्यांचे मुनी दिगंबरांसारखे नग्न राहत, पण स्त्रीला त्याच देहातून मोक्ष मिळू शकतो असं मानत. उत्तर कर्नाटकातल्या कितीतरी शिलालेखांत त्यांच्या संघाची नावं आहेत. या यापनीयांमध्ये शाकटायन, ज्यांचं दुसरं नाव पाल्यकीर्ती, हे मोठे वैयाकरण होऊन गेले. त्यांनी आपल्या व्याकरणावरच्या टीकेला राजाच्या नावावरून 'अमोघवृत्ती' म्हटलं. आणि त्यांनीच 'स्त्रीनिर्वाण' नावाचं लहानसं प्रकरण लिहिलं. त्यात ते प्रतिपक्षाचं एकेक म्हणणं घेतात आणि खोडतात. मोक्षाला लागतात ती तीन रत्नं, दर्शन, ज्ञान आणि चारित्र्य. ती स्त्रीत असू शकत नाहीत याला पुरावा काय? वस्त्र आहे म्हणून अडतं म्हणाल, तर साध्वीचं वस्त्र हे संयमासाठीच सांगितलेलं आहे. पद्मनाभ जैनींनी १९९१च्या आपल्या ग्रंथात या प्रकरणाचा इंग्रजी अनुवाद दिला. तो मी पहिल्यांदा वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. एकाच राजाच्या छत्राखाली एक आचार्य श्रीमतीला पुरुषजन्मात नेत होते, आणि दुसरे आचार्य म्हणत होते की तिला जायची गरज नाही.

पुढं यापनीय संघ उरला नाही. त्यांची देवळं दिगंबरांकडे आली, आणि त्यांचा तो युक्तिवाद श्वेतांबरांनी जपला म्हणून वाचला. मान्यखेटही उरलं नाही. दहाव्या शतकात, कृष्ण तिसऱ्याच्या काळात, तिथं पुष्पदंत नावाचा अपभ्रंश कवी आला. गरीब, मानी माणूस, स्वतःला 'अभिमानमेरू' म्हणवणारा. भरत मंत्र्याच्या आश्रयानं त्यानं ९५९ ते ९६५ या काळात महापुराण पुरं केलं, आणि त्यात श्रीमती-वज्रजंघ पुन्हा आले. तोवर त्यांना पंपानंही ९४१ला कन्नडमध्ये आणलं होतं. म्हणजे दीड शतकाच्या आत हे जोडपं संस्कृत, कन्नड आणि अपभ्रंश अशा तीन भाषांत नांदत होतं. आणि मग ९७२ला माळव्याच्या परमार सीयकानं मान्यखेट लुटलं. त्या सालाची नोंद आपल्याला कुठं मिळते? धनपाल नावाच्या कवीनं धाकट्या बहिणीसाठी, सुंदरीसाठी, प्राकृत शब्दांचा एक कोश रचला. त्याच्या शेवटी तो सांगतो की माळव्याच्या राजानं मान्यखेट लुटलं त्या वर्षी हा लिहिला. एकीकडे नगर जळत होतं आणि दुसरीकडे एक भाऊ बहिणीला शब्द शिकवत होता. पुष्पदंतानं मात्र ते नगर आपल्या डोळ्यांनी उजाड झालेलं पाहिलं आणि आता आपण जायचं कुठं, असा प्रश्न केला. त्याचे ग्रंथ आज आपल्याला वाचता येतात ते कारंज्याच्या भांडारांतल्या पोथ्यांमुळे आणि प. ल. वैद्य, हिरालाल जैन अशा संपादकांमुळे.

शाकटायनांचा युक्तिवाद सापडल्यावर मी तो उत्साहानं आजीला सांगायला गेले. तेव्हा ती खूप थकली होती. बाज अंगणात टाकून पडलेली असायची. मी म्हटलं, "आजी, एक आचार्य म्हणाले होते, बाईला बाई म्हणूनच मोक्ष मिळतो. आपल्याच भागातले. हजार वर्षांपूर्वी." तिनं ऐकून घेतलं. शास्त्राविरुद्ध ती बोलणार नव्हती, आणि बोललीही नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "त्या श्रेयांसाला आठवलं ते कुणाचं?"

"श्रीमतीचं."

"मग? हत्ती घेऊन आले ते समदे राजेच व्हते. पुरुष व्हते. कुणाला कळलं का काय द्यावं ते?"

मी गप्प बसले.

"बाईनं रांधून वाढलेलं व्हतं, ते त्याला आठवलं. म्हणून भगवंताचं पारणं झालं. ती श्रीमती झाली नसती तर?" आणि डोळे मिटून घेतले.

शास्त्रार्थात हे उत्तर टिकणार नाही, हे मला माहीत आहे. शाकटायन जिथं दारातून आत शिरतात तिथं आजी उंबऱ्यावरच बसली आहे. पण जिनसेनांची कथा तिनं जितकी नीट ऐकली होती तितकी मी वाचली नव्हती. दहा जन्मांच्या त्या लांबलचक मालिकेत निर्णायक क्षणी जे उपयोगी पडतं ती आठवण एका स्त्रीजन्मातली आहे. पहिल्या तीर्थंकराला पहिला घास मिळाला तो तिच्यामुळे, आणि हे आचार्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. सिद्धांत त्यांनी सांगितला तसाच सांगितला. पण पात्र एकदा जिवंत झालं की ते आपलं काम करत राहतं, आणि ऐकणारी बाई त्यातून आपल्याला लागेल ते उचलते. मला वाटतं, आजीच्या आधीच्या कितीतरी आज्यांनी ते असंच उचललं असेल. लिहिता-वाचता येत नसताना श्रीमती त्यांच्याजवळ टिकली, ती काही तिच्या रूपामुळे नव्हे.

मी भाचीला हे सगळं सांगितलं. तिनं मधे मधे फोन पाहिला, पण पंडितेच्या गोष्टीला तो खाली ठेवला. शेवटी म्हणाली, "म्हणजे नायिका पुढच्या भागात हीरोचा मुलगा होते? मावशी, असं कुणी लिहिलं तर आज वाचक भांडायला येतील." मी म्हटलं, तेव्हाही आले होते, फक्त ते आचार्य होते. मग तिनं विचारलं, "पण तिला, म्हणजे त्या श्रेयांसाला, रस देताना काय वाटलं असेल?" या प्रश्नावर आम्ही दोघी बराच वेळ बसलो होतो.

यंदाच्या अक्षय तृतीयेला आळंदच्या घरी आजी नव्हती. रस मात्र आला. ओट्यावर तिच्या जागी मी बसले, पुढं भावाची नात होती. आजी नेहमी गोष्ट श्रेयांसापासून सुरू करायची. मी सुरुवात केली, "एका गावात एक मुलगी होती. तिला नावच ठेवलेलं नव्हतं..."

"का?" पोरगीनं वाटी बाजूला ठेवून विचारलं.